रक्तातला विळा आणि कामकऱ्याचे मूल



एका आजाराचा इतिहास सांगण्यासाठी आपण आज मला उभे केले आहे. मी डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर झाले. परंतु गेली तीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, हमाल आणि बांधकामावरच्या बाया यांच्या हजेरीपटाशी माझा संबंध आहे. हजेरीपट नीट वाचला तर त्यातून पुष्कळ कळते. कोण आले नाही, कितीदा आले नाही आणि का आले नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे लावली की घराघरातला आजार दिसू लागतो. सिकलसेलची ओळख मला अशीच झाली.

आजाराचे नाव इंग्रजी असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. सिकल म्हणजे विळा. ज्वारी सोंगायचा, गवत कापायचा आणि आमच्या चळवळीच्या निशाणावर मिरवायचा तोच विळा. माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी मऊ आणि वाटोळी असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतून ती दुमडून, सरकून निघून जाते. या आजारात पेशीतील हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांस चिकटते, त्याच्या लांब काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी वाटेत अडकतात. पुढच्या भागास रक्त पोचत नाही आणि हाडांत, सांध्यांत, पोटात, छातीत असह्य कळा सुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दोन-तीन आठवड्यांत फुटून जाते. म्हणून मुलाचे रक्त सदा कमी आणि डोळे पिवळे. सहा महिन्यांनंतर तान्ह्या मुलाच्या हातापायांची बोटे सुजू लागतात. पाणथरी वाढते आणि हळूहळू आपले काम सोडते. मग इतर मुले ज्या तापातून उठतात त्याच तापाने हे मूल दोन दिवसांत दगावू शकते.

हा आजार शिवल्याने, सोबत जेवल्याने किंवा एका घरात राहिल्याने होत नाही. तो आईबापांकडून येतो आणि दोघांकडूनही यावा लागतो. एकाच बाजूने सदोष अंश आला तर माणूस वाहक होतो. तो शेतात राबतो, गाठी उचलतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला बहुधा जन्मभर कळतही नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणी चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची, चारात दोन वाहक होण्याची आणि चारात एक पूर्ण निर्दोष होण्याची. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुटले, असा हिशेब येथे नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

आता इतिहासाकडे वळू. १९०४ साली ग्रेनाडा बेटातून अमेरिकेत दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकागोच्या रुग्णालयात दाखल झाला. तेथील तरुण डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ती हकीकत प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे मूळ रेणूपर्यंत जाऊन सापडावे, अशी ती पहिलीच वेळ होती. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी तो दोष नेमका कोठे आहे तेही शोधले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला. एवढ्याशा फरकाने एका मुलाचे सारे आयुष्य बदलते.

मग इतका घातक दोष पिढ्यानुपिढ्या टिकला कसा? याचे उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील मुलांचा अभ्यास करून १९५४ साली दिले. जे केवळ वाहक आहेत त्यांना हिवतापाचा जीवघेणा प्रकार सहसा मारीत नाही. जेथे हिवताप शतकानुशतके माणसे नेत होता तेथे वाहक अधिक जगले, त्यांची मुलेबाळे झाली आणि हा अंश त्यांच्याबरोबर पुढे आला. सातपुड्याची पायथ्याची गावे, मेळघाटातील खोरी, पूर्व विदर्भातील धानाचे आणि जंगलाचे मुलूख यांना हिवताप नवा नव्हता. म्हणून रक्तातील हा विळा म्हणजे अशुद्धी नव्हे, शाप नव्हे, पूर्वजांच्या पापाचे फळ तर मुळीच नव्हे. पूर्वज जगले याची ती खूण आहे. तिची किंमत मात्र आजची काही मुले भरीत आहेत.

आपल्या देशात या आजाराची नोंद १९५२ साली झाली. निलगिरीतील आदिवासींमध्ये लेमन आणि कटबुश यांना, आणि त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांच्या मजुरांमध्ये डनलॉप आणि मुझुमदार यांना या पेशी आढळल्या. आसामचे ते मजूर मूळचे आसामचे नव्हते. मळेवाल्यांसाठी मध्य व पूर्व भारतातील जंगलमुलखांतून नेलेली ती माणसे होती. मजूर जेथे जातो तेथे आपले रक्तही घेऊन जातो, आणि त्याच्या श्रमाची नोंद जितकी काटेकोर होते तितकी त्याच्या रक्ताची होत नाही. यापुढची महत्त्वाची नोंद विदर्भातली. १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला, सोलंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत लेख प्रसिद्ध केले. त्या वेळी महार म्हणून नोंदल्या गेलेल्या समाजात हा दोष ठळकपणे दिसला होता. त्याच्या दोनच वर्षे आधी त्याच नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती. पुढील तपासण्यांत गोंड, परधान, कोरकू, तसेच तेली, कुणबी अशा समाजांतही तो आढळला. जातीच्या आत आणि नात्यात लग्ने होत राहिली तेथे हा अंश जातीच्या आतच फिरत राहिला. यात दोष जातीच्या रक्ताचा नाही, बंद दाराचा आहे.

श्रोतेहो, १९५८ हे साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी देशात हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. हिवतापासाठी गावोगाव फवारणीवाले आले, भिंतींवर तारखा लिहिल्या गेल्या. सिकलसेलसाठी कोणी आले नाही. नागपूरच्या डॉक्टरांना जे १९५८ साली कळले होते ते धारणीच्या आईला कळायला अर्धे शतक लागले.

हे अंतर कशाने पडले? एक कारण नकाशात आहे. वऱ्हाडात त्या काळी वैद्यकीय महाविद्यालयच नव्हते. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे महाविद्यालय डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने १९८४ साली निघाले. अकोल्यास शासकीय महाविद्यालय २००२ साली आले आणि अमरावतीस शासकीय महाविद्यालय मिळाले ते २०२४ साली. बराच काळ अवघड दुखण्याचा मार्ग बहुधा नागपूरचाच. धारणीहून अमरावतीच दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. नागपूर त्याच्या पुढे तेवढेच. तापलेले लेकरू कडेवर घेऊन हा प्रवास करणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, दुसऱ्या दिवसाचीही बुडते, आणि तिसऱ्या दिवशी काम राहील याची खात्री नसते.

दुसरे कारण कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगाराला आणि पुढे त्याच्या कुटुंबालाही दवाखाना मिळावा, ही त्यातील कल्पना थोर होती. परंतु हंगामी कारखाने त्या कायद्यातून वगळले गेले, आणि हंगामी म्हणजे कोणते, याच्या यादीत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग हे पहिल्या ओळीतच होते. वऱ्हाडचा कारखाना म्हणजे जिन. येथील हजारो बाया सरकी-रुईच्या धुरळ्यात हंगाम काढीत, आणि हंगाम संपला की त्यांचे नाव पटावरून आणि विम्याच्या विचारातून एकदमच जाई. ज्या मोठ्या गिरण्यांना विमा लागू झाला तेथेही आजारपणाचा भत्ता कामगाराच्या स्वतःच्या आजाराचा होता. लेकरू आजारी म्हणून माय घरी राहिली तर तिची मजुरी भरून देणारे कलम त्यात नव्हते.

आमच्या एका सभासद बाईचा मुलगा वर्षातून चार-पाच वेळा कळांनी लोळत असे. तिने तीन वर्षांत तीन दवाखाने केले. दोनदा त्याला रक्त चढवले, परंतु रक्त कमी का होते हे तिला कोणी सांगितले नाही. ती मला म्हणायची, “भाऊ, कोनी म्हने वात हाय, कोनी म्हने कावीळ हाय, कोनी म्हने बाहेरचं हाय.” तीन वर्षांत वाताचे तेल, काविळीचा पाला आणि देवऋषीचा कोंबडा यांवर तिने जे खर्च केले त्यात दोन हंगामांची मजुरी गेली. शेवटी रक्ताची तपासणी झाली ती एका फिरत्या शिबिरात. मुलाच्या आजाराला नाव मिळाले त्या दिवशी ती बाई रडली नाही. ‘आता काय करायचं ते सांगा’ एवढेच तिने विचारले. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे. नाव कळल्यावर काय करायचे?

याचे उत्तर जगात एका लहान बेटाने दिले. जमैकात किंग्स्टन शहरी ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बालकांची तपासणी केली आणि त्यांत सापडलेली आजारी मुले वर्षानुवर्षे एकाच क्लिनिकमध्ये पाहिली. जमैका काही श्रीमंत देश नव्हे. तेथे यंत्रांपेक्षा नियमितपणावर भर होता. ठरलेला वार, तेच डॉक्टर, तीच परिचारिका, प्रत्येक मुलाची वही. त्यांनी आयांना मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवले. या मुलांची पाणथरी कधी कधी काही तासांत अंगातले रक्त शोषून फुगते आणि मूल पांढरे पडते. आईला ती गाठ वेळीच कळली तर मूल वाचते. या शिकवणीने तेथे अशा मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरली. डॉक्टरांचे एक कौशल्य अशिक्षित आईच्या बोटांत गेले, ही माझ्या मते या आजाराच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना आहे.

बाकीची शस्त्रे एकेक करून आली. १९८६ साली अमेरिकेत सिद्ध झाले की या बालकांना रोज पेनिसिलिन दिल्यास रक्तातील घातक जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. १९९५ साली हायड्रॉक्सियुरिया या जुन्याच औषधाचा उपयोग मोठ्या माणसांत सिद्ध झाला. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि पेशी वाकड्या होण्याचे प्रमाण कमी होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध कमी मात्रेत आपल्या मुलांना दिले आणि त्याचा गुण येतो हे दाखवले. १९९८ साली कळले की डोक्यातील रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून धोक्याची मुले निवडता येतात आणि नियमित रक्त देऊन त्यांचा पक्षाघात टाळता येतो. २०२३ साली जनुकावर उपचार करणारी पद्धतही इंग्लंड-अमेरिकेत मान्य झाली. अमेरिकेत तिची किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर आहे. ती आपल्या गावात यायची तेव्हा येईल. पेनिसिलिन, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, न्यूमोनियाची लस आणि हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल यांना मात्र थांबण्याचे कारण नाही. फक्त हायड्रॉक्सियुरिया चालू असताना रक्त वरचेवर तपासावे लागते, आणि म्हणून पुन्हा क्लिनिकच लागते. गोळ्यांची पिशवी देऊन मोकळे होता येत नाही.

तपासणी आणि उपचार यांची फारकत झाली की काय होते, याचाही धडा इतिहासात आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय जनतेच्या या आजाराकडे सरकार बघत नव्हते, तेव्हा १९७१ च्या सुमारास ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून रक्ततपासणी सुरू केली. याच पँथरांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. संघटित लोकांच्या रेट्यामुळे १९७२ साली अमेरिकन सरकारला सिकलसेलचा कायदा करावा लागला. पण काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि वाहक व आजारी यांतला फरक लोकांना नीट सांगितला नाही. परिणामी धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. अमेरिकन वायुदलाच्या प्रशिक्षण संस्थेचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावीही तपासणीनंतर वाहकांवर लग्नाच्या बाजारात बट्टा लागला आणि लोक आपला अहवाल लपवू लागले. अमरावतीकरांना हे निराळे सांगायला नको. तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी जन्म घालवला, तेव्हा त्यांची अर्धी लढाई जंतूशी आणि अर्धी लोकांच्या नजरेशी होती.

आपल्याकडे काम झाले नाही असे मी म्हणणार नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत या आजारावर दीर्घकाळ काम केले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूरचे संपत रामटेके यांनी रोग्यांच्या कुटुंबांची संघटना बांधली; त्यांना हाच सन्मान २०१८ साली लाभला. ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्र शासनाने २००८-०९ च्या सुमारास आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. गावातच बोटाच्या थेंबावर प्राथमिक तपासणी, संशय आल्यास पुढची पक्की तपासणी, आणि मग कार्ड, अशी त्याची रीत आहे. एस.टी.ने या रोग्यांना प्रवासात सवलत दिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला स्थान मिळाले. मात्र त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के राखीव जागा ज्या गटांना वाटून दिल्या आहेत त्यांत रक्ताचे आजार नाहीत. पुढे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

निर्मूलन हा शब्द मात्र तपासून घेतला पाहिजे. हिवतापाचे डास मारता येतात. हा आजार माणसाच्या देहातच आहे. लग्नापूर्वी तपासणी आणि समजूत यांनी पुढील पिढीत आजारी मुले कमी होतील, आणि तसे व्हावेच. पण जी जन्मली आहेत आणि उद्या जन्मणार आहेत त्यांचे काय? किती लोक तपासले हा आकडा अहवालात दिमाखाने येतो. तपासून सापडलेल्या मुलांपैकी किती मुले गेल्या महिन्यात क्लिनिकमध्ये आली आणि किती आली नाहीत, हा आकडा मला हवा आहे. हजेरीपटाचा माणूस मी. मला गैरहजरांची यादी अधिक बोलकी वाटते.

यासाठी नमुना शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. हमाल हा सर्वांत विखुरलेला कामगार. त्याला एक मालक नाही, एक फाटक नाही. तरी संघटनेच्या लढ्याने १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदवही आली, मंडळ आले, मजुरीवर लेव्ही आली आणि त्या पैशातून रजा व भविष्यनिर्वाह निधी आला. नोंदीच्या मागे पैसा आणि जबाबदार माणूस उभा राहिला, म्हणून ती नोंद हमालाच्या कामी आली. सिकलसेलच्या नोंदवहीमागेही हेच उभे राहिले पाहिजे.

तेव्हा आपल्यापुढे मी पाच मागण्या ठेवतो. पहिली, धारणी, चिखलदरा, अचलपूर, अकोट, तेल्हारा या प्रत्येक ठिकाणी आठवड्याचा एक वार सिकलसेलच्या मुलांचा असावा, आणि तो शक्यतो बाजाराचा वार असावा, म्हणजे आईला वेगळी फेरी पडणार नाही. दुसरी, सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची, निदान आई वाहक असलेल्या प्रत्येक मुलाची, जन्मताच पक्की तपासणी व्हावी. कारण पेनिसिलिन पहिल्या काही महिन्यांतच सुरू व्हायला हवे. तिसरी, क्लिनिकच्या दिवसाची आईची अगर बापाची मजुरी भरून मिळावी. चौथी, ज्यांना अमरावती किंवा अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात यावे लागते त्यांच्यासाठी मुक्कामाची जागा असावी. गाडगेबाबांनी पंढरपूर-नाशकास धर्मशाळा बांधल्या त्या गरिबाला रात्री पाठ टेकायला. त्यांची समाधी ज्या अमरावतीत आहे तेथे धारणीच्या मायला दवाखान्याच्या पायरीवर झोपावे लागू नये. पाचवी, मुलाचे कार्ड हे त्याच्या उपचाराचे कार्ड राहावे. लग्नाच्या बैठकीत, शाळेच्या पटावर किंवा कामाच्या फाटकावर ते कोणी त्याच्याविरुद्ध वापरू नये.

यातील एकही मागणी विज्ञानाच्या नव्या शोधावर अडलेली नाही. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, अंगातले पाणी आटते आणि या मुलांच्या कळा वाढतात. तेव्हा भरपूर पाणी पाजा, उन्हात पाठवू नका, ताप आला की त्याच दिवशी दवाखान्यात आणा, एवढे सांगायलाही कोणी तरी ओळखीचे माणूस ठरल्या दिवशी ठरल्या जागी बसलेले असावे लागते. आपण शहरातले लोक या व्याख्यानमालेला दर वसंतात ठरल्या वेळी जमतो, तशी ती मुले आणि त्यांचे डॉक्टर दर आठवड्याला जमावेत, यासाठी आपापल्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत आणि दवाखान्याच्या समितीत आपण बोलावे, अशी माझी विनंती आहे. धारणीच्या बाईचे म्हणणे तेथे मांडणारे आज फार थोडे आहेत.